गिळलेली दोन शून्यं

बऱ्याच मोबाइलमधलं साधं कॅल्क्युलेटर उघडून शून्याचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. पुन्हा दाबलं तरी नाही. पडद्यावर आधीपासून एक शून्य बसलेलं असतं, ते तसंच बसून राहतं. मग पाच दाबला की ते मुकाट्याने उठतं आणि पाचाला जागा करून देतं. या वागणुकीबद्दल कुणी कुरकुर केल्याचं माझ्या कानावर नाही. किराण्याच्या हिशोबात ००५ रुपये कुणाला लिहायचे असतात? डावीकडच्या शून्याला किंमत नाही हे आपण प्राथमिक शाळेत घोकलेलं असतं, आणि कॅल्क्युलेटर बनवणारेही तसल्याच शाळेतून आलेले असतात.

कुरकुर सुरू होते ती बायनरी, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून संख्या, लिहायला घेतल्यावर.

मी तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या मुलांना डिजिटल टेक्निक्स शिकवते. शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालणारा विषय. परीक्षेत मुलांना साधं खिशातलं कॅल्क्युलेटर चालतं. मोबाइल चालत नाही आणि पेजरही चालत नाही, असं प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं. (पेजर म्हणजे काय, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच.) वर्गात मात्र मोबाइल चालतो, म्हणजे मी चालवून घेते. त्यामुळे वह्यांमध्ये हल्ली दोन जातींची उत्तरं येतात, हाताने काढलेली आणि ॲपने काढलेली. चुकांवरून ती ओळखता येतात. हाताने सोडवणारा हातचा विसरतो, कुठेतरी खाडाखोड करतो, उत्तराशेजारी प्रश्नचिन्ह काढून ठेवतो. ॲपवाल्याचं उत्तर चुकतं तेही अगदी ठामपणे, स्वच्छ अक्षरात.

यंदा फळ्यावर लिहिलं होतं: ००१०११०१ चा टूज कॉम्प्लिमेंट काढा. ऋण संख्या मशीनमध्ये ठेवायची ही रीत, आणि ती सोपी आहे. प्रत्येक अंक उलटा करायचा, शून्याचा एक आणि एकाचं शून्य, आणि शेवटी एक मिळवायचा. उलटं केलं की ११०१००१०, एक मिळवला की ११०१००११. मागच्या बाकावरच्या एका मुलाने लिहिलं होतं १००११. पाचच अंक. वहीत रीत नव्हती, नुसतं उत्तर.

“मॅडम, ॲपने काढलंय.”

“माझ्यासमोर काढ बरं.”

त्याने फोन बाकावर आडवा ठेवला. अंगठा शून्यावर दोनदा पडला. पडदा ढिम्म. तिसऱ्यांदा त्याने जरा जोरात दाबलं, लिफ्ट येत नसली की बटण दाबतात तसं. “टच थोडा गेलाय मॅडम,” तो म्हणाला. टच गेला नव्हता. त्याने एक दाबला तो लगेच उमटला, त्यापुढचं शून्यही उमटलं. शेवटी पडद्यावर १०११०१ असे सहा अंक उभे राहिले आणि कॉम्प्लिमेंटचं बटण दाबताच १००११ हजर झालं.

म्हणजे त्या ॲपने शून्यं दोन वेळा गिळली होती. आत घेताना पुढची दोन गिळली आणि सहा अंकी संख्या समजून तिचा कॉम्प्लिमेंट काढला. तो आला ०१००११. तो दाखवताना पुन्हा पुढचं शून्य गिळलं. मधलं गणित मात्र चोख होतं. १०११०१ म्हणजे ४५. आठ घरांमध्ये याचा कॉम्प्लिमेंट म्हणजे २५६ वजा ४५, उत्तर २११. सहा घरांमध्ये ६४ वजा ४५, उत्तर १९. आणि १००११ म्हणजे १९च. मुलाने विचारलेला प्रश्न एक होता, ॲपने सोडवलेला दुसरा होता, आणि त्या दुसऱ्याचं उत्तर बरोबर होतं. म्हणूनच ही चूक मुलांच्या गळी उतरवणं अवघड जातं. “किंमत तर तीच आहे ना, मॅडम? ४५ ते ४५च.” किंमत तीच आहे, हे खरंच आहे. कॉम्प्लिमेंट नुसत्या किमतीचा नसतो, तो घरांसकट असतो; पण असं वाक्य फेकून वर्गाला काही कळत नाही. मग प्रयोगशाळेत जावं लागतं.

तिथे ट्रेनर किटवर आठ स्विच असतात आणि आठ एलईडी. दिवा लागला की एक, विझला की शून्य. “इथे काहीच लिहिलेलं नाही” असा तिसरा प्रकार दिव्याला येत नाही. विझलेला पुढचा दिवा उपटून फेकता येत नाही, तो तिथेच विझलेला बसतो. इथवर मुलांना पटतं, पण फारसं लागत नाही. लागतं ते ब्रेडबोर्डवर, म्हणजे वायरी खोचून सर्किट जोडायच्या पाटीवर. ७४८३ नावाची जुनी आयसी, म्हणजे चिप, असते, चार बिटांची (बिट म्हणजे शून्य किंवा एकाचं एक घर) बेरीज करणारी. आठ बिटांसाठी दोन जोडाव्या लागतात. मुलांना सांगायचं, १०११०१ यात घाला. ती सहा वायरी लावतात आणि वरच्या दोन पिना मोकळ्या सोडतात, कारण तिथे तर शून्यच आहे, शून्याला कशाला वायर? दुसऱ्या बाजूने काहीही न मिळवता, म्हणजे त्या सगळ्या पिना नीट ग्राउंडला बांधून, दिवे बघायचे. ४५ यायला हवेत. येतात २३७.

टीटीएल जातीच्या या आयसींचा स्वभावच असा आहे की मोकळी सोडलेली इनपुट पिन त्या एक समजतात. म्हणजे आपण पुढची दोन शून्यं लिहिली नाहीत तर सर्किट तिथे दोन एक वाचतं, आणि ००१०११०१ चं १११०११०१ होतं. शून्य हवं असेल तर वायर घ्यायची, ग्राउंडपर्यंत न्यायची आणि खोचायची. दोन शून्यं, दोन वायरी. वर्षानुवर्षं मी हा प्रयोग घेते आणि दरवर्षी कुणीतरी आधी आयसीवर आळ घेतं, “मॅडम, ही जळलेली आहे” म्हणून. डबा उघडून दुसरी दिली की तीही २३७ दाखवते. मग चेहरे बघण्यासारखे होतात.

ॲपवाल्याला ही वायर कधी खोचावी लागलेली नसते. त्याच्या प्रोग्रॅममध्ये काय असतं ते न बघताही सांगता येतं: पडद्यावर फक्त शून्य असेल तर नवीन अंक त्याच्या जागी ठेव, नाहीतर नवीन अंक उजवीकडे जोड. दोन ओळींचा नियम, आणि दशमान हिशोबासाठी निर्दोष. नंतर कधीतरी ॲपमध्ये बायनरीचा कप्पा वाढवला, दोनापासून नवापर्यंतची बटणं फिकट केली, आणि तोच नियम तिथेही राहू दिला. दशमानात माणूस संख्या लिहितो. बायनरीत तो बहुतेक वेळा संख्या लिहीतच नसतो. तो मशीनमधल्या एखाद्या रजिस्टरचं, एखाद्या पत्त्याचं, एखाद्या बाइटचं (आठ बिटांच्या गटाचं) चित्र लिहीत असतो, आणि त्या चित्रात किती घरं आहेत ही माहिती पुढच्या शून्यांतच असते. कॅल्क्युलेटर ती टाकून देतं, आणि टाकून दिली हे सांगतही नाही.

त्या आठवड्यात मी आणखी काही ॲप उतरवून घेतली. एकाने शून्याने सुरू होणारी संख्या चिकटवू दिली आणि “इनपुट चुकीचं” म्हणून परत केली. ठीक आहे, निदान तोंडावर सांगितलं. एक ॲप अंकांचे चार-चारचे गट पाडत होतं, पण डावीकडून. १०११०१ चे गट १०११ आणि ०१. षोडशमानात, म्हणजे चार बिटांचा एक अंक करून सोळाच्या पायावर लिहिताना (दहा ते पंधराला ए ते एफ), ४५ म्हणजे २डी. या गटांवरून वाचायला गेलं तर बी१ वाटेल. पुढची शून्यं ठेवली असती तर ००१० आणि ११०१ असे गट आपोआप पडले असते आणि डावीकडून पाडले की उजवीकडून, याने फरकच पडला नसता.

आणि एका ॲपने ००१०११०१ ची किंमत सांगितली ३३३४५.

हे उत्तर बघून मी आधी हसले आणि मग कागद घेतला. ३३३४५ कुठून आले? १०११०१ हे अंक अष्टमान, म्हणजे आठाच्या पायावरचे, समजून वाचले तर: आठाचा पाचवा घात ३२७६८, अधिक तिसरा घात ५१२, अधिक दुसरा घात ६४, अधिक १. बेरीज ३३३४५. त्याच ॲपला शून्याशिवाय १०११०१ दिलं की निमूटपणे ४५ सांगत होतं. म्हणजे शून्य पुढे आलं की त्याचा समज बदलत होता. माझा अंदाज असा, की ते ॲप आकड्याआधी ‘शून्य-बी’ ही बायनरीची खूण स्वतः लावत असावं, आणि आकडा शून्यानेच सुरू झाला तर खूण वापरणाऱ्यानेच लावली असं धरून चालत असावं. मग खालची भाषा ती नुसती शून्याने सुरू होणारी संख्या बघते आणि तिला अष्टमान म्हणते.

पुढे शून्य म्हणजे अष्टमान, ही खोड जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्पसन यांनी बी ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली तेव्हा हाताशी पीडीपी-७ हे मशीन होतं, त्याचा शब्द (एका वेळी हाताळायचा बिटांचा गट) १८ बिटांचा. अठराला तीनाने पूर्ण भाग जातो, म्हणून तीन-तीन बिटांचा एक अष्टमान अंक करणं सोयीचं, सहा अंकांत शब्द मावतो. अष्टमान ओळखायची खूण म्हणून पुढे एक शून्य लावायचं ठरलं. तिथून ते तिच्यानंतरच्या सी भाषेत आलं, सीमधून जावामध्ये, आणि बऱ्याच ठिकाणी. त्यामुळे या भाषांमध्ये ०१० म्हणजे दहा नव्हेत, आठ. सीच्या व्याकरणाप्रमाणे तर नुसतं ० लिहिलं तरी ते अष्टमानच धरलं जातं. सुरुवातीच्या सीमध्ये ०८ आणि ०९ सुद्धा खपून जायचे, आठाला आठ आणि नवाला नऊ अशा किमतीने. प्रमाणित सीने तो लाड बंद केला. बायनरीला मात्र सीच्या प्रमाणित रूपात स्वतःची खूण मिळायला सी२३ उजाडावं लागलं. शून्याची सोपी खूण अष्टमानाने आधीच पटकावली होती.

बेल लॅब्जचा पत्ता मरे हिल, न्यू जर्सी, पिनकोड ०७९७४. हा आकडा आहे तसा प्रमाणित सीमध्ये लिहिला तर कंपायलर (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा) नाकारतो, कारण पुढे शून्य आहे म्हणजे अष्टमान, आणि अष्टमानात ९ हा अंक नाही. सी भाषेला स्वतःच्या जन्मगावाचा पिनकोड संख्या म्हणून लिहिता येत नाही! ही गोष्ट मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एकट्यानेच हसावं लागण्याची तयारी ठेवते.

शिकवायला लागण्याआधी मी पुण्यात एका कंपनीत होते. तिथे रात्री आपोआप चालणारी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची फाइल, होती, चालू महिन्यावरून मागचा महिना काढून रिपोर्ट बनवणारी. ती जुलैपर्यंत बिनतक्रार चालायची आणि एक ऑगस्टला मोडायची. ०१ ते ०७ अष्टमानात वाचले तरी किंमत तीच राहते. ०८ आला की शेल म्हणते, हा अंक या पद्धतीत बसत नाही, आणि पाय पसरते. सप्टेंबरात ०९, तीच गत. तेव्हा ऐन गणपतीत, अर्धा ऑफिस गावाला गेलेलं, आणि उरलेल्यांनी संशय घ्यायचा तो सर्व्हरवर. महिना-दोन महिने रिपोर्ट हातानेच काढले जायचे. मग ऑक्टोबर उजाडायचा, महिन्याचा आकडा १० व्हायचा, पुढचं शून्य जायचं आणि स्क्रिप्ट आपली आपण बरी व्हायची. बरी झालेल्या स्क्रिप्टकडे कोण बघतो? पुढच्या ऑगस्टात पुन्हा तेच. आम्ही तिला “चातुर्मास पाळणारी” म्हणायचो. खरं कारण सापडलं तेव्हा दुरुस्ती निघाली काही अक्षरांची: हा आकडा दहाच्या पायावर वाच, एवढंच सांगायचं होतं.

हा गमतीचा मामला झाला; याच घोळाची गंभीर बाजूही आहे. नेटवर्कच्या पत्त्यात ०१७७.०.०.१ लिहिलं तर अनेक ठिकाणी ०१७७ अष्टमान धरून ते १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, असं वाचलं जातं. नेटमास्क नावाची एक खूप वापरली जाणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी पुढचं शून्य सोडून देऊन ते १७७ वाचायची. एकाच पत्त्याचे दोन अर्थ: दारावरचा रखवालदार म्हणतो पाहुणा बाहेरचा आहे, आत घ्यायला हरकत नाही, आतला म्हणतो हा तर घरचाच. २०२१ मध्ये ही फट उघड झाली. पायथॉनच्या पत्ते वाचणाऱ्या मॉड्यूलमध्येही त्याच वर्षी पुढच्या शून्यांवरून दुरुस्ती करावी लागली. खुद्द पायथॉन भाषेने हा तंटा आधीच मिटवला होता. पायथॉन ३ मध्ये प्रोग्रॅममध्ये ०११० लिहिलं की ती ना ११० म्हणते ना ७२. ती सरळ नकार देते आणि अष्टमान हवं असेल तर वेगळी खूण लाव म्हणून सांगते. माझं मत तिच्या बाजूने आहे. दोन अर्थ निघत असतील तर गप्प राहून एक निवडण्यापेक्षा तोंडावर अडवलेलं बरं.

पुढच्या शून्याला अशी वाईट सवय लावणाऱ्या थॉम्पसन यांनीच त्याचा एक सुंदर उपयोगही करून ठेवला आहे. १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत बसून त्यांनी आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ची मांडणी केली. जगातल्या लिप्या बाइटमध्ये कशा लिहायच्या याचे हे नियम. त्यात बाइटचं पहिलं बिट शून्य असेल तर ते एकट्या बाइटचं अक्षर, म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं, अंक वगैरे. पहिलंच बिट शून्य, आणि त्याच्यावरच सगळा निवाडा. आपल्या ‘अ’चा क्रमांक २३०९. बायनरीत १००१०००००१०१, बारा अंक. दोन बाइटमध्ये अकराच मावतात, म्हणून तीन बाइट घ्यावे लागतात आणि त्यांत घरं असतात सोळा. उरलेल्या चार घरांत काय? पुढची चार शून्यं. ‘अ’चा पहिला बाइट म्हणजे १११०००००, त्यातली शेवटची चार शून्यं ती हीच. मराठीला लागणारी देवनागरीतली प्रत्येक खूण, काना-मात्रा धरून, अशी चार शून्यं पोटात घेऊन फिरते. कुणी ती “किंमत नाही” म्हणून काढली तर सगळं मराठी मजकुराचं दुकान कोलमडेल.

कचेऱ्यांमधला छळ मात्र बायनरीचा नाही, साधा दशमान आहे, आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. शिष्यवृत्तीच्या याद्या, बँकेचे खाते क्रमांक, एक्सेल. खाते क्रमांक शून्याने सुरू झाला की तो सेल संख्या समजून शून्यं उडवतो. क्रमांक पंधरा अंकांहून लांब असेल तर उलट बाजूने शेवटचे अंक शून्यं करून टाकतो. आमच्या ऑफिसातले क्लार्क आधी सेलला टेक्स्ट करतात किंवा पुढे अपॉस्ट्रॉफी टाकतात, आणि नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आपल्या पिनकोडांना ही भीती नाही, कारण त्यांचा पहिला अंक शून्य नसतोच. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा अंकी पद्धत टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा पिनकोड मात्र ०८८२०. दिवाळीच्या फराळाचं पार्सल पाठवताना कुरियरवाल्याच्या यादीत तो दरवेळी ८८२० होतो आणि मला पेनाने शून्य वाढवावं लागतं.

वेलणकर संस्कृत कवी होते. त्यांचं नाव वर्गात काढलं की मला आपोआप वृत्तांवर यायला वाव मिळतो, आणि तिथे माझं खरं काम होतं.

“दहावीला मराठीत वृत्तं होती का?” निम्मे हात वर येतात. “यमाताराजभानसलगं?” हसू फुटतं, मागून कुणीतरी ते एका दमात म्हणून दाखवतं. कुठलंही अक्षर घ्या, त्याच्यापुढची दोन घ्या, तो गण. मातारा, तीन गुरू (दीर्घ), म गण. नसल, तीन लघू (ऱ्हस्व), न गण. तीन घरं, प्रत्येकात दोन शक्यता, एकूण आठ गण. मग फळ्यावर लिहायचं: गुरू म्हणजे ०, लघू म्हणजे १. म गण ०००. य गण, लघू गुरू गुरू, १००. भ गण ०११. आता म गण आपल्या त्या ॲपमध्ये घाला. ०. एकटा गुरू. त्याला कुणी म गण म्हणेल? भ गण घाला. ११. दोन लघू, आणि गण दोन अक्षरांचा नसतोच.

मग मी मंदाक्रांता काढते. म, भ, न, त, त, आणि शेवटी दोन गुरू. सतरा अक्षरं. अंकांत ००००१११११००१००१००. पहिली चार शून्यं म्हणजे पहिले चार गुरू, आणि त्या चारांनंतर पहिला यती, म्हणजे थांबा. मंदाक्रांता मंद पावलांनी निघते ती या चार अक्षरांमुळे; मग पाच लघूंची धाव, मग पुन्हा सावरणं. कॅल्क्युलेटरमध्ये हे घातलं की उरतं १११११००१००१००, तेरा अक्षरं. सुरुवातीची संथ चाल गेली, आणि चरण एकदम धावतच सुटला. “मंदाक्रांता” हा शब्द स्वतः बघा: मं, दा, क्रां, ता. चारही गुरू. ॲपने वृत्ताच्या नावाइतकीच अक्षरं बरोबर कापली. आदल्या तासाला “किंमत तीच आहे ना” म्हणणारी मुलं इथे वाद घालत नाहीत, कारण कानाला कळतं. इंग्रजी माध्यमातून आलेल्यांना मात्र टेबलावर बोटांनी वाजवून दाखवावं लागतं.

पिंगल या प्राचीन छंदकाराच्या छंदःशास्त्रात याच्या पुढची पायरीही आहे. ठरलेल्या अक्षरसंख्येच्या सगळ्या शक्यता क्रमाने मांडल्या की तो प्रस्तार. तीन अक्षरांचा प्रस्तार आठ ओळींचा: पहिली ओळ तीन गुरू, शेवटची तीन लघू. आता मधली एखादी ओळ पुसली गेली, नुसता तिचा क्रमांक ठाऊक आहे, तर ती परत कशी काढायची? याला नष्ट म्हणतात आणि त्याची सूत्रं आहेत दोन: “लर्धे”, “सैके ग्”. जेमतेम चार-पाच अक्षरं. क्रमांकाचा अर्धा होत असेल तर अर्धा करून लघू लिही. होत नसेल तर एक मिळवून अर्धा कर आणि गुरू लिही. सहावी ओळ काढू. सहाचे तीन, लघू. तीन विषम, एक मिळवून चार, अर्धे दोन, गुरू. दोनाचा एक, लघू. लघू गुरू लघू, ज गण. बरोबर.

आता दुसरी ओळ. दोनाचा एक, लघू. एक विषम, एक मिळवून दोन, अर्धा एक, गुरू. पुन्हा एक. पुन्हा गुरू. आकडा एकावर येऊन अडकला. आणखी शंभर वेळा केलं तरी एकच राहील आणि दरवेळी एक गुरू देत राहील. मग थांबायचं कुठे? अक्षरं पुरी झाली की. तीन अक्षरांचं वृत्त असेल तर लघू गुरू गुरू. पाच अक्षरांचं असेल तर त्याच दोन या आकड्यापासून लघू आणि चार गुरू. आकड्यातलं गणित पहिल्याच पायरीत संपलेलं असतं. पुढचे सगळे गुरू नुसती घरं भरतात, आणि ती भरल्याशिवाय ओळ होत नाही. पिंगल लहान किमतीचं घर डावीकडे धरतो, त्यामुळे आपली पुढची शून्यं त्याच्याकडे शेपटीला येतात, एवढाच फरक. किती अक्षरं आहेत हे आधी विचारल्याशिवाय ही रीत चालूच शकत नाही.

ॲपने एवढंच विचारावं, अशी माझी मागणी आहे. काही कॅल्क्युलेटरमध्ये किती घरं हवीत ते सांगायला बाइट, वर्ड, डीवर्ड असे पर्याय असतातही, पण ते कोपऱ्यात, आणि शून्याचं बटण तिथेही पहिल्या दाबाला ढिम्मच असलेलं मी पाहिलं आहे. नाही विचारायचं तर माणसाने जितके अंक टाकले तितकी घरं धरावीत. तोपर्यंत मी प्रश्नातच “आठ बिटांमध्ये” असं लिहिते आणि उत्तराला आठ चौकोन आखून देते. पाच अंक लिहिणाऱ्याचे तीन चौकोन रिकामे राहतात, आणि रिकामा चौकोन त्याचा त्यालाच खुपतो.

नष्टाचा तास या वर्षी संपत आला होता तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, पण पहिली ओळ तीन गुरू. म्हणजे ०००. म्हणजे किंमत शून्य. मग तिला पहिली का म्हणायचं?”

“कारण तो ओळी एकपासून मोजतो.”

“मग सहावी ओळ म्हणजे किंमत पाच.” तिने वहीत १०१ लिहिलं, ज गणाकडे पाहिलं आणि मान डोलावली. “म्हणून विषम आलं की एक मिळवायला लागतो?”

मी डस्टर ठेवून दिला आणि फळ्यावर ओळींचे क्रमांक आणि किमती अशा दोन रांगा शेजारी शेजारी लिहायला घेतल्या, एकपासून आठ आणि शून्यापासून सात.